उगवायला ठेवलेली पुस्तकं

पाणी नाकात गेलं तेव्हा माझी धाकटी जाऊ तळ्याच्या काठावर उभी होती आणि माझ्या नातीला सांगत होती, “आजीला हात देऊ नको. अजिबात देऊ नको.”

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. तळं शेजारच्या बाबारावांचं, शेतातलं, तळापासून काठापर्यंत प्लास्टिकची काळी पन्नी अंथरलेली. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की वरची पन्नी उघडी पडते आणि तिच्यावर शेवाळ धरतं. मी काठावरून घसरले ती थेट पाण्यात. वर चढायला जावं तर नखं पन्नीवरून सर्रकन खाली येत होती. ईश्वरी, माझी नात, काठावर पालथी पडून हात पुढं करत होती आणि ही बाई तिचा फ्रॉक धरून तिला मागं ओढत होती. मला वाटलं, झालं. एवढ्या वर्षांत हिला जे पाहिजे होतं ते आज फुकटात मिळालं.

मला असं का वाटलं, ते ती कोण हे सांगितल्याशिवाय कळायचं नाही.

ती आमच्या घरात सातवी शिकून आली. मी चौथी. कळमनुरीच्या अंगाला आमचं गाव. त्या काळात बायांमध्ये माझी चौथीसुद्धा मोठी होती, ती येईपर्यंत. सासरे संध्याकाळी पोथी वाचायला मला बसवायचे. ती आली आणि पोथी तिच्याकडं गेली, माझ्याकडं भाकरी राहिल्या. तिचा आवाज बरा होता म्हणे. मी भाकरी थापत ऐकायचे, कुठं चुकते का बघायचे. चुकायची नाही. पुढं तिला मूलबाळ झालं नाही, आणि दीरही लवकर गेले. मला एक मुलगा. तेवढ्या एका गोष्टीत मी तिच्या वर होते आणि ती गोष्ट मी तिला कधी विसरू दिली नाही.

दिसायला काडी. चष्मा दिरांचा, त्याची एक दांडी गेलेली, तिथं सुतळी. नंबर तिचा नव्हताच, पण ती म्हणायची, “माझ्या डोळ्यानं त्येंच्या चष्म्याची सवय लावून घेतली.” चहा बिनसाखरेचा प्यायची आणि वरून गुळाचा खडा चघळायची, म्हणजे चहा आणि गोड वेगवेगळं कळतं. पुस्तक हातात आलं की आधी मधूनच उघडायची. बैल घेणारा माणूस आधी दात बघतो, तसं. पसंत पडलं नाही तर म्हणायची, “पोचट हाय.” पोचट म्हणजे आत दाणा नसलेलं बी. माणसांनाही तोच शब्द. माझ्या भावाला एकदा तोंडावर म्हणाली होती.

माझा मुलगा नांदेडला औषधाच्या दुकानात कामाला, सून दवाखान्यात नर्स. ईश्वरी तिसरीत असताना तिला भरवर्गात फिट आली. कोणी तिला चप्पल हुंगवली, कोणी हसलं. त्यानंतर शाळेचं नाव काढलं की पोरगी दाराची चौकट धरून बसायची. डॉक्टरनं औषध चालू केलं आणि सांगितलं, बरी होईल, घाई करू नका. दिवाळीनंतर मुलानं तिला माझ्याकडं आणून सोडलं. माझ्याकडं, हे मी मुद्दाम सांगते. गावातल्या गुरुजींनी नाव घालून घेतलं. म्हणाले, परीक्षेपुरती आणा, तोवर घरी शिकवा, पुढचं पुढं बघू.

“घरी कोन शिकवणार?” मुलगा म्हणाला.

मी तोंड उघडणार तेवढ्यात ही म्हणाली, “उरलेलं साल मी बघते. पाडव्याला नव्यानं ठरवू.”

आमच्याकडं शेताचं वर्ष गुढीपाडव्याला उलटतं. त्या दिवशी सालगडी ठरतो. वर्षभर काय काम आणि त्याबद्दल काय मिळणार, हे चार माणसांसमोर बोलायचं, विडा द्यायचा, की साल ठरलं. शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं हे तिला कधी पटलं नाही. “जूनमधी पेरनी असती. पेरनीच्या दिवशी कोनी नांगरट काढतंय का? रान आधी तयार पायजे.”

म्हणून पाडव्याला गुढी उभारून झाल्यावर तिनं ओसरीवर चादर टाकली, तबकात विड्याची पानं ठेवली आणि साक्षीला बाबारावांना बोलावलं. समोर ईश्वरीला मांडी घालून बसवलं.

“बोल पोरी, साल करतीस का?”

“करते. काय देतीस?”

“दोन फ्रॉक, चपलांचा जोड, थंडीत घोंगडी. पोळ्याला सुट्टी.”

“पोळ्याची सुट्टी बैलांची. मला रविवारची पायजे.”

बाबाराव हसले. “बराबर हाय. सालगड्यानं असंच ताणून धरावं.”

“दिला रविवार. आजून?”

“रोज एक गोष्ट. पुस्तकातली न्हाई, तोंडची. आन् झोपायला तुझ्या खोलीत.”

ती माझ्याकडं बघून म्हणाली, “त्ये बाईंना विचार.” मला ती बाई म्हणायची, मी थोरली म्हणून.

“मला काय विचारता?” मी म्हणाले. “जनावर इकताना खुंट्याला विचारतेत काय?”

बाबारावांनी पान तोंडात टाकलं आणि गुढीकडं बघत बसले. ईश्वरीनं विडा उचलला. रात्री तिची वाकळ माझ्या खोलीतून गेली.

तिचं शिकवणं सरळ नव्हतं. पोरीनं जांभई दिली की पुस्तक बंद. “वाफसा न्हाई आज.” पाऊस पडल्यावर लगेच औत घातलं तर चिखल होतो, उशीर केला तर ढेकळं निघतात, मधली जी वेळ तो वाफसा. पोरीच्या डोक्याला वाफसा आहे की नाही हे तिला म्हणे कपाळाकडं बघून कळायचं. मी म्हणायचे, अशानं पोरगी नुसती जांभया द्यायला शिकंल. शिकलीच. चिंचा पाडायला जायचं असलं की बरोबर जांभई यायची. हे तिला कळायचं आणि तरी ती सोडायची. तो राग मला वेगळाच.

पण खरी गंमत पुस्तकं निवडण्याची. चौथीच्या वर्षाला कोणती पुस्तकं घ्यायची यावर तिनं अख्खा चैत्र घालवला. मुलानं नांदेडहून एक मोठा खोका पाठवला होता. घरी शिकणाऱ्या पोरांसाठीच असतो म्हणे. चकचकीत कागद, निम्मं इंग्रजी, कोणत्या दिवशी काय शिकवायचं त्याचा छापील तक्ता. शाळेची सरकारी पुस्तकं गल्लीतल्या एका पोरीनं वापरलेली होती, ती मागून आणली. एक गाईड हिंगोलीहून आलं. आणि एक मी आणलं. कळमनुरीच्या बाजारात एका म्हाताऱ्या पुस्तकवाल्याकडं जुनी उजळणी सापडली, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी सगळी असलेली. हे पाव-अर्ध्याचे पाढे मला अजून येतात, झोपेतून उठवलं तरी. तिला येत नाहीत. सातवी शिकून येत नाहीत. मी उजळणी तिच्या हातात न देता ईश्वरीच्या हातात दिली.

सोयाबीन पेरायच्या आधी बी पारखायची आमची रीत आहे. मूठभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून कोपऱ्यात ठेवायचे, काही दिवसांनी उघडून किती उगवले ते बघायचं. चांगलं उगवलं तर पेरायचं, नाहीतर बी परत. तिनं हेच पुस्तकांना लावलं. प्रत्येक पुस्तकातला एकच धडा शिकवायचा, पुस्तक कोपऱ्यात गोणपाटावर ठेवायचं, वर टोपलं पालथं घालायचं. “उगवाया ठेवलंय. हात लावू नका.” मग त्या धड्याचं नावसुद्धा काढायचं नाही. आणि हळकुंडं निवडताना, हात पिवळे झालेले असताना, मधेच विचारायचं, “काय गं, त्या दिवशी त्या पुस्तकात झाडाचं पान पानी कुठून पितंय म्हनलं होतं?” पोरीनं सांगितलं तर उगवलं.

“सुपात घाल आन् पाखड आता पुस्तकं,” मी म्हणाले.

“त्ये नंतर,” ती म्हणाली. चेष्टा तिला लागत नसे. माझी तरी कधी लागली नाही.

नांदेडचा खोका उगवला नाही. त्यातलं झाडांचं एक पुस्तक तेवढं तिनं ठेवलं. मुलाला फोनवर म्हणाली, “कागद झकास हाय बाबा, आत दाना न्हाई. परत कर.”

“काकू, लई म्हागाचं हाय त्ये!”

“म्हागाचं बियानं बी कधी कधी न्हाई उगवत.”

गाईड रद्दीत गेलं. सरकारी गणित आणि मराठी उगवलं. मग माझ्या उजळणीवरचं टोपलं काढलं. हळकुंडं निवडता निवडता तिनं पावकी विचारली. ईश्वरी दोन ओळी म्हणाली आणि अडली. पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरायला लागली.

“बाई, उगवलं न्हाई,” ती मला म्हणाली. सरळ, जसं काही नांदेडचा खोका असावा तसं.

“तुला येती का पावकी?”

“न्हाई.”

“मंग तुझ्या हातानं उगवंल कशी?”

त्यावर तिनं थोडा विचार केला. “बराबर हाय. दुबार पेरून बघू.”

मी संधी सोडली नाही. सकाळी गाईची धार काढताना ईश्वरीला जवळ बसवायचे, गूळ-शेंगदाणे हातावर ठेवायचे आणि पावकी घोकून घ्यायचे. रोज. तिच्या परीक्षेत हे बसत नव्हतं ते मला माहीत होतं. पण परीक्षा तिची होती, नात माझी. दुसऱ्या खेपेला विचारल्यावर ईश्वरी घडाघड बोलली, मान डोलवत, शेवटच्या आकड्याला हेल काढत. जाऊ चष्मा वर करून ऐकत राहिली.

“ही चाल तुमची हाय, बाई.”

“असंल.”

“रोज पानी घातलं व्हय?”

“मंग बियाला पानी घालत न्हाईत का?”

ईश्वरी फिसकन हसली. दुसऱ्या दिवशी गोठ्याच्या भिंतीला जावेनं चुना मारला आणि त्यावर निळीनं सगळ्या वर्षाचा बेत लिहिला. महिन्यांची नावं नाहीत. पेरणी, खुरपणी, पोळा, काढणी, हुरडा, हळद. पेरणीपुढं भागाकार, कारण एकराला बी किती लागतं ते तेव्हाच कळतं. खुरपणीपुढं झाडांचं पुस्तक. काढणीपुढं पत्र लिहिणं, बापाला, किती पिकलं ते कळवायला. सगळ्यात वर, पेरणीच्याही आधी, “पाणी आणि माप”. आणि अगदी खाली, “पावकी-दिडकी: बाई. भाकरीच्या वेळी.”

गल्लीतल्या बाया भिंत बघायला आल्या, मला म्हणाल्या, तुमचं पण नाव हाय की! होतं. भाकरीच्या वेळी होतं. नव्यानं लग्न होऊन आली तेव्हापासून तिनं मला तिथंच ठेवलं होतं, आता भिंतीवर लिहून ठेवलं एवढंच.

वैशाखात कुरडयांचा दिवस आला. गहू भिजवून, वाटून, चीक काढून ठेवला होता. चीक शिजला की थांबत नाही, गरम असतानाच सोऱ्यातून काढावा लागतो, आणि एकटीला ते होत नाही. ईश्वरीनं मला आदल्या दिवशी सांगितलं होतं, आजी, मी सोऱ्या दाबणार. पातेलं चुलीवरून उतरवलं आणि हाक मारली तर पोरगी नाही. गल्लीतली एकजण म्हणाली, “धाकल्या आजीसंगं तळ्यावर गेली, पानी मोजाया.”

फिटीचं लेकरू पाण्यापाशी नेतं का कोणी? हे मी वाटभर मोठ्यानं बोलत गेले. लोकांनी ऐकावं म्हणून बोलत गेले. इथं आल्यापासून तिला एकच फिट आली होती, तीही थंडीत, पण ते मी कोणाला सांगितलं नाही. पोटात राग चिकाचा होता. मला दिलेला शब्द पोरीनं तिच्यासाठी मोडला होता.

तळ्यावर गेले तर पोरीच्या कमरेला दोर बांधलेला, त्याचं टोक कुंपणाच्या लोखंडी खांबाला. दोघी लांब बांबू पाण्यात सोडून पाणी किती हात ते मोजत होत्या. म्हणजे बोलायलाही जागा ठेवली नव्हती तिनं.

“चल घरी! चीक आळून राहिला!”

“आजी, थोडंच राहिलं. येते ना.”

“येते न्हाई, आत्ता चल. आन् तू गं, काहून लेकराला उनात घेऊन बसलीस?”

“बाई, कडंला येऊ नका. तिथं शेवाळ हाय.”

“मला शिकवू नको!” मी म्हणाले आणि पोरीचा हात धरायला पुढं पाय टाकला.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. हात देऊ नको म्हणाली ती तेव्हाच. पोरीला मागं ओढून तिनं खांबाला टेकवलं आणि तिच्या कमरेचा दोर सोडायला लागली. ईश्वरी रडत ओरडत होती, “आजी, उभी रहा! पानी तीनच हात हाय, आत्ताच मोजलं आमी!”

उभी राहिले. पाणी हनुवटीला लागलं. खालीही पन्नीच, तिच्यावर गाळ. श्वास घेतला आणि पाय पुन्हा सटकला. वर आले तेव्हा मी तिला शिव्या देत होते. काय दिल्या ते आठवत नाही, पण सासऱ्यांच्या पोथीपासून सुरू केल्या होत्या एवढं आठवतं.

“बोलू नका बाई, तोंड मिटा. पानी जातंय,” ती वरून म्हणाली. मग पोरीला, “पळ, बाबाराव आखाड्यावर खोपीत असतील, बोलाव. कडंनं जाऊ नको, बांधावरून जा.”

दोर माझ्यापर्यंत पोचला नाही. तेव्हा भर दुपारी, उघड्या रानात, तिनं अंगावरचं पातळ सोडलं. परकर-पोलक्यावर उभी राहून पातळाला हाताहातावर गाठी मारल्या, दोराला जोडलं आणि खाली टाकलं. सगळं सावकाश. मला वाटलं, मुद्दाम सावकाश करून राहिली.

“गाठ धरा. आता पुढची धरा. पाय लावू नका पन्नीला, गुडघे लावा.”

आयुष्यात पहिल्यांदा तिनं सांगितलं तसं केलं. गुडघे लावले. अर्ध्यात आले आणि हात गेले, दम उरला नाही. तेवढ्यात बाबाराव पळत आले. त्यांनी परकरातली बाई पाहिली आणि तोंड फिरवून उभे राहिले.

“तिकडं काय बघता? दोर धरा!” ती ओरडली.

दोघांनी ओढलं. बांधावर पालथी पडून मी पाणी ओकले. ईश्वरी माझ्या पाठीवर पडून रडत होती. ती शेजारी बसली, ओलं पातळ पिळलं, अंगाला गुंडाळलं आणि म्हणाली, “चीक बिघडला असंल आता.”

बिघडलाच होता. म्हशीला घातला.

दुसऱ्या दिवशी मुलगा आला. तो चप्पल काढत होता तेव्हाच मी सांगितलं, “फिटीच्या पोरीला तळ्यावर नेती ही. काय म्हनायचं त्ये तूच म्हन.” त्यानं मला काही विचारलं नाही. ईश्वरीला विचारलं. ईश्वरीनं सगळं सांगितलं. कमरेचा दोर, शेवाळाचं, आणि मी काय म्हणाले तेही. ती पोरगी शब्द गाळत नाही. माझ्यावरच गेलीय.

मुलानं गोठ्याची भिंत वरपासून खालपर्यंत वाचली. मग म्हणाला, “आता इथं न्हाई ठेवत हिला. डॉक्टर बी म्हनाले, शाळेत थोडं थोडं बसवा. नांदेडला नेतो.” आणि वळून, “काकू, तुमी पन चला. आमी दोघं दिवसभर कामावर. तुमच्याबिगर ही पुस्तक उघडायची न्हाई.”

“भिंत कशी न्यायची?” ती म्हणाली.

“फोटो काढू.”

“मंग येते.”

“आन् मी?” असं मी म्हणाले नाही. मुलगा आपणच म्हणाला, “आई, तुला गाय-म्हस सोडून कुठं निघता येतंय.” विचारलं नाही, सांगितलं.

तिनं पुस्तकं त्याच गोणपाटात बांधली. माझी उजळणीसुद्धा नेली. मला विचारायची गरज वाटली नाही. निघताना माझ्या पाया पडली, थोरली म्हणून. मी पाय मागं घेतले नाहीत.

ईश्वरी आता अर्धा दिवस शाळेत बसते, अर्धा दिवस तिच्यापुढं. त्या इमारतीतली आणखी दोन पोरं तिच्याकडं येतात म्हणे, त्यांचंही साल ठरवलंय. फोनवर ईश्वरी मला विचारते, जेवलीस का, गाय व्याली का. मग मागून तिचा आवाज येतो आणि पोरगी फोन ठेवते. झोपते अजून तिच्याच खोलीत. तिथं खोल्या दोनच आहेत, असं सून म्हणते. मला ते पटत नाही.

बाबारावांनी तळ्याला जाळी मारली. गावात अजून कोणी पाव्हणा आला की लोक त्याला माझ्या तोंडावर सांगतात, “यांची जाऊ लई धीराची बाई. पातळ सोडून यांना वर काढलं.”

असेल धीराची. पण ती काठावर होती. पाण्यात मी होते, हनुवटीपर्यंत, आणि तिथून जिवंत निघाले ती मी.